दुसरा बूट

बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात चौकातले बूटपॉलिशवाले तोंडावर माकडटोपी ओढूनच बसतात; न जाणो, शेजारपाजारच्या कुणी ओळखलं तर! पाउलिना किस्पेही तशीच बसली होती. आज तिच्या डब्यावर पाय ठेवला तो तिच्याच वकिलाने. तिच्या घराचे कागद त्याच्या कपाटात तीन वर्षं धूळ खात होते, आणि परवा घराला कुलूप लागणार होतं. पण पाय डॉक्टरचा असो की खाटकाचा, तिने काम कधी अर्धं सोडलं नव्हतं. बोटाने पॉलिश जिरवत तिने डावा बूट लखलखीत केला. तेवढ्यात तो फोनवर खेकसला, “किस्पेबाई परत आली तर सांग, साहेब कोर्टात गेलेत. नुसती गोचीड आहे!” पाउलिनाने डबा मिटला. “ए, दुसरा बूट काय तुझा बाप करणार?” वकील ओरडला. तिने टोपी काढली. “आधी माझे कागद आणा, साहेब. तोवर किस्पेबाई कोर्टात गेल्यात.”