दुसरी फटफटी

कढत पेजेवर फुंकर मारत परशुरामने काल विषय काढला, तेव्हाच सुगंधा कडाडली होती, "घरात नवी गाडी आसताना ती जुनी फटफटी कित्याक व्हयी?"

"घेत नाय गो. नुसती बघून येतंय."

तशीच एक त्याने बारा वर्षांपूर्वी विकली होती. आज कुडाळचा गाडीवाला टायर दाखवत होता, इंजिनाचं कौतुक सांगत होता. परशुरामचं लक्षच नव्हतं. "एकदा घराकडे नेऊन बघतंय," म्हणत त्याने किक मारली. वालावलच्या देवळाकडे आल्यावर त्याने सवयीने गिअर उतरवला आणि फटफट सगळ्या माडांतून घुमली.

घरापुढच्या खळ्यात माडाखाली गाडी लावून, पाय धुऊन तो पडवीत बसला. सुगंधा तणतणत आली आणि पेजेचं ताट त्याच्यापुढे आदळलं. "हाडलात ना शेवटी? आत्ताच्या आत्ता परत देऊन येवा!"

परशुराम फुंकर मारायला वाकला आणि थांबला. पेज छान निवली होती, जुन्या फटफटीच्या दिवसांत निवलेली असायची तशी.

"कधी वाढून ठेवलंस गो?"

"देवळाकडे तुमची फटफटी वाजली, तेव्हाच..." सुगंधाची नजर खळ्यातल्या फटफटीकडे गेली.

"माडाखाली कित्याक ठेवलात ती? नारळ पडात वर."