टोकदार अक्षरं

टँकर जालना रस्ता सोडून वस्तीकडं वळला, तेव्हा मल्हारी पेंटर विहिरीवरच्या पाटीचा लाल रंग पुन्हा गडद करत होता. त्यानं ब्रश घाईनं डब्यात टाकला.

‘धोका. पाणी विषारी.’ पाटी केवढीशी, तेलाचा डबा कापून केलेल्या पत्र्याची. पण अक्षरं मल्हारीची खास: उंच, अरुंद, अंग चोरून एकमेकांना खेटलेली. गोलाई औषधालाही नाही. ‘व’चं पोटसुद्धा त्यानं कोनात मोडलेलं. मंगल कार्यालयाला तो गुबगुबीत अक्षरं काढायचा. ही टोकदार अक्षरं मात्र चिकलठाण्याच्या एका कारखान्यातल्या तेजाबाच्या टाक्यांसाठी राखलेली. ती लांबून दिसली तरी माणूस पाऊल मागं घ्यायचा.

पाटी धादांत खोटी होती. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू होतं. आसपासच्या विहिरींचं पाणी टँकरवाल्यांनी उपसून नव्या इमारतींना विकलं होतं. उरली ही एक. सगळी वस्ती आणि तिची मेंढरं हिच्यावर जगत होती, तीही चोरून पाणी भरून. युक्ती मल्हारीची, आणि तिच्यावर तो मनातून बेहद्द खूश होता. आता मात्र ती उघडी पडायची भीती होती.

टँकर खड्ड्यांतून जपून येत होता. टायर पार दबलेले. हवा कमी असावी. टाकीवरची ‘पिण्याचे पाणी’ ही अक्षरं कुणीतरी काळ्या रंगानं बुजवली होती. तीही मल्हारीनंच काढलेली, त्यामुळं त्या भीतीतही त्याला वाईट वाटलं.

टँकरचा मालक साहेबराव नाकाला रुमाल लावून खाली उतरला.

“ही पाटी तुझीच ना?”

“व्हय मालक.”

“पाणी खरंच वंगाळ हाय, का उगं भ्या दाखवतोस?”

मल्हारीचं लक्ष विहिरीच्या काठाकडं गेलं. त्याच्या बायकोचा, सरूबाईचा, ओला पोहरा काठावरच राहिला होता. तो हळूच पोहऱ्यासमोर सरकला.

“दोन मेंढरं जाग्यावर मेली, मालक.”

“आन् माणसं? कुणी भरत आसंल तर आत्ताच सांग. मागनं मला झंझट नको.”

“इथं कावळा बी बसत नाय.”

“नक्की?”

“बिरोबाची आण.”

देवाची खोटी आण घेताना त्याच्या अंगावर काटा आला. साहेबरावानं पाटी पुन्हा एकदा वाचली आणि समाधानानं मान हलवली.

“अक्षरं लई झ्याक काढलीस. रस्त्यावरनं दिसली, म्हणून तर आलो.”

त्यानं हात केला. ड्रायव्हरनं जाड पाइप ओढत आणला आणि विहिरीत सोडला. मल्हारीचा धीर सुटला. एवढं सांगूनही हा पाणी उपसणारच! तो मोटारीच्या आवाजाची वाट पाहत राहिला.

मोटार सुरू झालीच नाही. ड्रायव्हरनं टाकीचा कॉक तेवढा फिरवला. तेजाबाच्या टाक्यांपाशी यायचा तोच उग्र वास मल्हारीच्या नाकात घुसला, आणि टँकरचे दबलेले टायर हळूहळू वर येऊ लागले.