चौथा तास

"या धातूला मरण नाही!" थोरल्या साहेबांनी सकाळी अकराला वरच्या सभागृहात घोषणा केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बारा वाजून दहा मिनिटांनी तळघरातल्या प्रयोगशाळेत त्याच धातूचा तुकडा नऊ मिलिग्रॅमनं कमी भरला.

तपासनीस बाईंनी तो पुन्हा वाळवला, पुन्हा तोलला. काटा ढिम्म. चाचणी अशी: पाण्यात तुकड्यासमोर एक दांडा सेकंदाला वीस हजार वेळा थरथरतो. त्यानं बारीक बुडबुडे उठतात आणि फुटता फुटता धातूला चिमटे काढतात. दर तासाला तुकडा बाहेर काढून तोलायचा. पहिले तीन तास त्यानं सगळं निमूट सोसलं होतं. घट शून्य. तेवढ्या शून्यावरच वर घोषणा झाली होती.

तळघराला खिडकी नव्हती. दार एकच, आणि त्यात धाकटे साहेब, म्हणजे थोरल्यांचे जावई, अहवालाचा कागद घेऊन उभे.

"तीनच तासांचं लिहा, बाई. खोटं थोडंच आहे?"

"आणि चौथ्या तासाला पंपानं काय करायचं, साहेब? खाणीतलं पाणी उपसायचे पंप या धातूचे होणार. खाली माणसं असतात."

"आणि वर बाबा असतात! वीस वर्षं घातलीत त्यांनी यात. कळलं तर हाय खातील." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला कायम करायचं पत्र माझ्याच टेबलावर आहे."

बाई सहा वर्षं हंगामी होत्या. त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात जावयांच्या खांद्यामागून थोरले साहेबच डोकावले.

"काय म्हणतोय आमचा तुकडा?"

"शून्य, बाबा!"

थोरल्यांनी बाईंकडे पाहिलं. सहा वर्षांचं 'हो साहेब' बाईंच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

"तीन तास शून्य होतं, साहेब. चौथ्यात नऊ मिलिग्रॅम गेले."

जावयांनी डोळे मिटून घेतले. थोरल्यांनी तुकडा दिव्याच्या उजेडात धरला.

"चौथ्यात? बराच टिकला की! माझ्या चाचण्यांत तिसऱ्यातच झिजायचा."

"बाबा! तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं पाहुणे बोलावलेत, जावईबापू. तुमचा विरस कोण करणार? खाली कुणीतरी बोलेल, या आशेवर जिना उतरलो."

ते स्टूल ओढून बसले.

"कागद खरा लिहा, बाई. आणि तेवढं... जावईबापूंनी आणलेले हे बूट सकाळपासून चावताहेत. इथं काढून बसलं तर चालेल का?"