पुढचं चाक

हार्मच्या मनगटावरचं, हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ पुन्हा पी-पी करू लागलं, तसा तो सायकलवरून उतरला आणि त्याने खिशातून फोन काढला.

"लिकेला बोलावतो. मुलगी घरीच आहे, व्हॅन घेऊन येईल. दोन्ही सायकली मावतात तिच्यात."

आफ्केने पाय टेकला. नैऋत्येचा वारा असा सुटला होता की सायकल नुसती धरून उभं राहायलाही जोर लागत होता. पुढे खडीचा रस्ता फ्लेवोलँडच्या शेतांतून सरळ शहराकडे गेला होता. ना वळण, ना झाड, ना आडोसा. काढणी झालेली बटाट्याची शेतं, मधून कालवे, आणि वाऱ्याला कंटाळून माना पिसांत खुपसून बसलेली बदकं. क्षितिजावर इमारती दिसत होत्या. पण तासभर पेडल मारलं तरी त्या जवळ येत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

वसंतात हार्मच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. "सायकल खुशाल चालवा, फक्त वाऱ्याशी भांडू नका," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्यावर हार्म म्हणाला होता, "बाई, तुम्ही या मुलखातल्या दिसत नाही." आज पहिल्यांदाच तो एवढ्या लांब आला होता. सकाळी वारा पाठीशी होता, तेव्हा मोठमोठ्याने गात होता. आता त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आणि सोमवारी त्या सायकलच्या दुकानवाल्याला सांगून टाकतो," तो म्हणाला. "दोन्ही सायकली विकायला घेऊन जा म्हणावं."

"दोन्ही?"

"मग तू एकटी काय करणार? तुला कधी वारा झेपलाय का?"

हे काही तो टोचून बोलला नव्हता. तीस वर्षं तो पुढे आणि ती मागे, असंच चालत आलं होतं. त्याची पाठ दारासारखी रुंद. तिच्या आडोशाला आफ्के निवांत येते, असं सायकल क्लबातले सगळे म्हणायचे. तिला 'हार्मची शेपटी' म्हणून चिडवायचे. तीही हसायची. दर थोड्या वेळाने हार्म मान न वळवता ओरडायचा, "आहेस ना गं?" आणि ती मागून ओरडायची, "आहे!"

आफ्केने त्याच्या हातातला फोन घेतला आणि त्याच्याच खिशात परत कोंबला.

"माझ्या मागे लाग."

हार्मला हसू आलं. "तुझ्या मागे? अगं, माझं अर्धं अंग बाहेर राहील."

"मग वाकून बस. कालव्यावरच्या त्या पंपघरापर्यंत बघू. नाही जमलं तर लिकेला मीच फोन करते."

ती पुढे झाली. वाऱ्याने पहिल्यांदा तिला जवळजवळ थांबवलंच. मग तिने एक गिअर खाली घेतला, खालची टोकं धरून हनुवटी हँडलपर्यंत नेली आणि पाय फिरवायला सुरुवात केली. चाकांखाली खडी करकरू लागली. आधी सुटी सुटी, मग एकसारखी. वाऱ्यातली वाळू दातांत येत होती. डोळ्यांतलं पाणी कानांपर्यंत ओघळत होतं. समोर कुणाची पाठ नव्हती. नुसता रस्ता होता, पांढरा आणि मोकळा, आणि वर सगळं आभाळ. ती हसत होती, पण ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

पंपघर आलं आणि गेलं.

"आहेस ना रे?" ती ओरडली.

"आहे!" आवाज अगदी चाकाला लागून आला. त्याचं घड्याळ गप्प होतं.

पुढे दोन तरुण मुलं वाऱ्यात रेंगाळत चालली होती. महागड्या सायकली, झगमगते कपडे, चेहरे उतरलेले. आफ्केने डावीकडून त्यांना मागे टाकलं. त्यांतला एक मागून ओरडला, "आजी, तुमच्या मागे लागलो तर चालेल का?"

ती काही बोलायच्या आत हार्म खेकसला, "रांगेत या! पहिला नंबर माझा आहे!"

मग ती चौघांची ओळ त्या सपाट मुलखातून वारा कापत निघाली. आफ्केने एकदाही जागा सोडली नाही. एका मुलाने पुढे येऊ का म्हणून विचारलं, तर तिने नुसती मान हलवली. इमारती हट्टाने जागच्या जागी उभ्या होत्या. मग एकाएकी त्यांच्या खिडक्या दिसू लागल्या. खडी संपली, डांबर लागलं आणि पूल आला.

पुलापाशी मुलं निरोप घेऊन शहराकडे वळली. जाताना एकाने आफ्केला डोक्यावरचं हेल्मेट काढून सलाम ठोकला. हार्म आणि आफ्के पुलाजवळच्या कॅफेत शिरले. हार्मच्या गालांवर रंग आला होता. दोन सफरचंदाचे केक आणि कॉफी मागवून तो बायकोकडे बघत बसला, जणू तिची नुकतीच कुणीतरी ओळख करून दिली होती.

"दुकानवाल्याला काय सांगायचं?" तिने विचारलं.

"नको म्हणावं. पण मला एक सांग, आफ्के. आज एका दिवसात हा जोर तुला आला कुठून?"

आफ्केने केकवरचं क्रीम चमच्याने निपटून घेतलं. चवीने खाल्लं.

"दर वसंतात माझ्या सायकलच्या ब्रेकची रबरं कोण बदलायचं?"

"मीच की. का?"

"तुझी वर्षानुवर्षं टिकायची. माझी दर वर्षी पार झिजलेली असायची. इथे ना टेकडी, ना उतार, आणि मी सदा तुझ्या मागे. ती कशाने झिजतात, हे तीस वर्षांत तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही?"