दहा मिलिमीटर

"रिपोर्ट टाइप होतोय म्हणाली काउंटरवरची," बाकावर बसता बसता मनिषाने सांगितलं.

दीपेशने डोळे मिटलेलेच ठेवले. पनवेलहून खारघरच्या हॉस्पिटलपर्यंत रिक्षाचे धक्केही आता त्याला सोसत नसत. फिट येऊ लागल्यापासून न्हावा शेवा बंदरावर ट्रेलर चालवणं सुटलं होतं. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केमो झाली. तरी मेंदूतली गाठ परत आली आणि ती अशा जागी, की पुन्हा चाकू लावता येत नव्हता.

उरलं होतं ते चाचणीतलं नवं औषध. अजून बाजारात न आलेलं. ते मिळायला गाठीच्या मापाची अट होती, दहा मिलिमीटरची. मागच्या स्कॅनला दोन मिलिमीटरने हुकलं होतं. या महिन्यानंतर नवे पेशंट घेणार नव्हते.

फोन वाजला. घरून सासूबाई.

"काय बोलला गो डाक्टर?" चंद्रावतीचा आवाज पलीकडच्या बाकापर्यंत गेला.

"अजून काही नाही, आई. जेवलात का?"

"जेवन कुठला? देवाऱ्याशीच बसलेय."

"मी सांगितलं तेच मागताय ना देवीकडे?"

"मागतेय. तोंडातून निंगत नाय, पन मागतेय."

मनिषाने फोन ठेवला.

"मागच्या खेपेला पण नवस केलेला तिनं," दीपेश म्हणाला. "एकवीरेला कोंबडा कबूल केलेला. काय झालं?"

"तुम्ही गप्प बसा. देवीचं काही चुकलं नव्हतं."

"मग कोंबड्याचं चुकलं असेल."

ती हसली नाही. तिने बाटलीचं झाकण उघडून त्याच्या हातात दिलं. तो दोन घोट प्यायला आणि पुन्हा भिंतीला टेकला.

औषधाच्या चाचणीचं काम बघणारी पूर्वी नावाची मुलगी दारात आली. "दीपेशजी, तुम्ही बसा. मॅडम, तुम्ही या आत."

मनिषा आत गेली. दीपेश दाराकडे बघत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचा पदर तोंडावर होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

"घेतलं तुम्हाला. पुढच्या आठवड्यात औषध सुरू."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आईला सांग. उपाशी बसलीय."

मनिषाने नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"ऐकलं देवीनं, आई," ती म्हणाली. "दहा भरले. गाठ वाढली."