आईची पसंती

सुगंधाबाई कोचात बसल्या आणि गुणवंतरावांच्या काळजात धस्स झालं.

बसायला काय, बसणं कोणालाही जमतं. पण हा कोच कुठल्याशा मालगुजाराच्या बैठकीतला, सागवानी, वेताच्या विणीचा. त्या काळच्या ऐसपैस माणसांनी बसून बसून वीण पार झोळीसारखी करून ठेवलेली. सुगंधाबाई त्यात बसल्या कसल्या, उतरल्याच. गुडघे वर आले, आणि पाठ मागे टेकली ती टेकलीच.

ब्रह्मपुरीबाहेर मुखरूच्या शेडमध्ये जुन्या लाकडी सामानाच्या गर्दीत चौघं सकाळपासून फिरत होते. मुलगा प्रवीण पुण्याहून सुट्टीवर आलेला. गावच्या घरी आईबाबांच्या बैठकीत एक जुना, झोकदार कोच असावा, ही त्याची हौस. सून दिव्यानीनं तर फोनमध्ये असल्या कोचांचे ढीगभर फोटो जमवलेले. गुणवंतराव मात्र पहिल्यापासून एका उंच, बाकड्यासारख्या कडक कोचाचेच गुण गात होते.

"हा घ्या. मानसाची पाठ ताठ राह्यते."

"बाबा, हा कोर्टाच्या व्हरांड्यातला वाटतो हो," दिव्यानी हसून म्हणाली होती. आणि मग सासूला लाडानं, "आई, तुम्ही यात बसून बघा ना!" सुनेनं एवढ्या मायेनं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? बसल्या बिचाऱ्या.

आता उठणार कशा?

हे गुपित फक्त नवराबायकोतलं. वर्ष होत आलं, सुगंधाबाईंचे गुडघे गेले होते. चालणं जमायचं, पण बसलं की आपलं आपण उठणं नाही. रोज सकाळी गुणवंतराव दार लोटून घ्यायचे, त्यांच्या पायांच्या पंज्यांपुढे आपले पंजे अडवायचे आणि दोन्ही कोपरांना धरून "हं, चाल" म्हणत उठवायचे. खाटेच्या पायांखाली विटा लावल्या होत्या. प्रवीणनं विचारलं तेव्हा वाळवी लागते म्हणून ठोकून दिलं. कारण पोरगा दिवाळीतच बोलून गेला होता, "आईचे हातपाय चालून राह्यले तोवर ठीक. नाई जमलं का घर-वावर इकून तुमाले पुन्याले नेतो. मंग मी कोनाचं आयकनार नाई." आणि तो शब्दाचा पक्का. वाईट नाही हो पोरगा, गुणी आहे. तीच तर पंचाईत.

"कसा वाटते, आई?" प्रवीणनं विचारलं.

"चांगला हाय."

सुगंधाबाईंनी एकदा जोर लावून पाहिला. हातांनी दोन्ही बाजू दाबल्या, चार बोटं वर आल्या आणि धपकन परत खाली. मग पदर सावरल्यासारखं करून त्या लाकडावरच्या नक्षीवरून बोट फिरवत बसल्या. "काम बारीक हाय," म्हणाल्या. कपाळावर घाम डवरला होता. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चिखलात फसलेली गाय धन्याकडे बघते तसं.

"पाह्यलं का दिव्यानी? आई उठाले तयारच नाई!" प्रवीण खुश झाला. "मुखरूभाऊ, हाच पक्का करा."

"अरे, एवढी घाई काऊन करतं?" गुणवंतराव मध्ये पडले. "लय खाली हाय थो. झाडा-पुसाले अडचन. ढेकूनगिकून असन त्यात."

"बाबा, आई कवाची बसून राह्यली. ढेकून असते तं बसली असती का? जिंदगीत पयल्यांदा तिनं स्वतःसाठी काई पसंत केलं. तुमी मधात नका पडू."

खरं बोललं तर घर जातं, खोटं बोललं तर कोच घरात येतो. जन्मभर धानाच्या बांधीत पाण्यासाठी साऱ्या गावाशी भांडलेला माणूस, पण इथं पोटच्या पोरापुढं गुणवंतरावांचं काही चालेना.

मुखरूनं टेम्पो मागे घेतला. "बाई, जरा उठा लागते. चढवून देतो."

सुगंधाबाई हसल्या. नुसत्याच हसल्या.

"आई, ऊठ ना वं. घरी गेल्यावर बस दिवसभर!"

गुणवंतराव पुढे झाले. लग्नात भटजींनी हातात दिला तेवढाच हात; त्यानंतर चार माणसांत, त्यातून सुनेसमोर, बायकोचा हात त्यांनी कधी धरला नव्हता. आज धरलाही असता, लाज गेली चुलीत. पण नुसत्या हातानं भागणार नव्हतं. पंजे अडवायचे, कोपरं धरायची, ओढायचं, आणि तेही पोराच्या डोळ्यांदेखत. हात अर्ध्यावर गेला. प्रवीण पाहतच होता. हात तसाच वळला आणि कोचावरची धूळ झटकू लागला.

"थांब गा मुखरू," ते म्हणाले. "मलेबी जरा बसून पाहू दे."

आणि बायकोशेजारी बसले. वीण करकरली आणि दोघांना घेऊन आणखी खाली गेली. त्यांचाही गुडघा कट्कन वाजला.

दिव्यानीला केवढं कौतुक! "अय्या, किती छान दिसताय दोघं! थांबा, फोटो काढते. हलू नका हं!"

कोणी हललं नाही. फोनकडे बघता बघताच, तोंडाला पदर लावून सुगंधाबाई हळूच म्हणाल्या,

"आता तुमाले कोन उठवन?"