नागली

“कप,” धनेश म्हणाला. “छत्री. कुलूप.”

समोर स्टुलावर बसून प्रगती एकेक चित्र दाखवत होती. धनेश मेंदूची शस्त्रक्रिया शिकणारा, शेवटच्या वर्षाचा डॉक्टर; ती त्याच्या दोन वर्षं मागची. तो जव्हारजवळच्या जामसरचा, ती मोखाड्यातल्या खोडाळ्याची. चित्रं कशी दाखवायची हे तिला त्यानंच शिकवलं होतं, आणि आज गुरुजींवरच उत्तरं द्यायची पाळी आली होती.

विभागप्रमुख मॅडम त्याच्या मागे होत्या. त्यांनी आधीच बजावलं होतं. मान वळवायची नाही, चित्राचं नाव सांगायचं, उजव्या हाताचं काम चालू ठेवायचं. कुठं अडखळलास तर मी तिथंच थांबणार.

हाताचं काम म्हणजे टाक्यांच्या गाठी. हाताजवळच्या दांडीला दोरा बांधून दिला होता. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी गेला की तो गोठ्यातल्या खुंट्यावर याच गाठी मारत बसायचा. शेजारचा पंढरी हसून विचारायचा, एवढं शिकून पोरगा गुरंच बांधणार काय?

त्याला जव्हारलाच परतायचं होतं. डोक्याला मार लागलेली माणसं तिकडे मोठ्या दवाखान्यात नेताना घाट संपायच्या आत जातात. त्याचा बाप जिवा असाच गेला होता. आज जिभेनं किंवा बोटांनी दगा दिला, तर परतण्यात काही अर्थच उरणार नव्हता.

आदल्या संध्याकाळी आई गावाहून आली होती. कितीतरी वेळ त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. “पोरा, बेस बोल,” एवढंच म्हणाली.

“विळा. बैल.” तोंडाला कोरड पडली होती. पुढचं चित्र कणसाचं होतं, मुठीसारखं मिटलेलं.

“नागली.”

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “कालच्या तालमीत नाचणी म्हणाला होता. आज हे काय?”

शब्द खरंच चुकला का, हे धनेशलाच कळेना. आणि बरोबर-चूक समोर बसलेल्यानंच ठरवायचं, ही शिकवणही त्याचीच. त्यानं प्रगतीकडं पाहिलं.

“मॅडम, आमच्याकडं नाचणी कुणी म्हणत नाही,” प्रगती म्हणाली. “नागलीच म्हणतात. घाबरलं की माणूस घरचंच बोलतो.”

“नक्की? तुझ्या शब्दावर पुढे जाणार आहे मी.”

प्रगतीनं पुढचं चित्र वर धरलं. “नक्की. दादा, पुढचं सांगा.”

एरवी ती त्याला सर म्हणायची. धनेशला एकदम धीर आला. सूप, टोपली, घागर, सगळं पटापट तोंडातून येऊ लागलं, आणि बोटांतून गाठी.

“झालं,” अखेर मॅडम म्हणाल्या. आवाजातला ताण पार गेला होता. “दोघंही पास.”

धनेशचे डोळे भरून आले. बापाची आठवण झाली. मॅडमचा चेहरा एकदा पाहावा असं त्याला फार वाटलं.

“प्रगती, हात धुऊन ये, टाके तू घाल,” त्या म्हणाल्या. “धनेश, तिला गुण तू द्यायचे. फक्त हलू नकोस, मेंदूतली गाठ निघाली तरी तुझं डोकं अजून उघडंच आहे.”